गाडी धुऊन आणू नका: अंबड लिंक रोडच्या नानांकडे सस्पेन्शनची चिवचिव

मोहाडीला एक बागायतदार आहेत. त्यांच्या बागेत शिरायला कच्चा रस्ता, आणि त्या रस्त्यावर दर पन्नास पावलांवर पाइपलाइन पुरल्याचा उंचवटा. ऑक्टोबरात मी गेटातून आत शिरलो तेव्हा ते पाठमोरे उभे राहून छाटणीच्या मजुरांशी बोलत होते. वळूनही न बघता म्हणाले, "या साहेब. तुमच्या चिमण्या आधीच पोचल्या."

चिमण्या म्हणजे माझी गाडी. २०१४ ची डिझेल स्विफ्ट, एक लाख अडतीस हजार किलोमीटर झालेली. मी द्राक्षाची औषधं विकतो. राहायला पाथर्डी फाटा, आणि पोट दिंडोरी, वणी, ओझर, पिंपळगाव, निफाड या पट्ट्यात. छाटणी झाली की द्राक्षावरच्या डाऊनी रोगाच्या भीतीनं सगळ्यांना आजच्या आज औषध हवं असतं. त्या दिवसांत रोजचे सव्वाशे किलोमीटर धरा, त्यातले निम्मे डांबराशी काही संबंध नसलेले.

पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी पुढचं सस्पेन्शन वाजवलंच होतं. कडकड, खडखड. सप्टेंबर संपता संपता शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काम करून घेतलं. दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे) बुश (सांध्यातलं रबर) आणि बॉल जॉइंटसकट नवे, दोन्ही जंपिंग रॉड (गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांडीचे जोड) नवे, डी बुश (त्याच दांडीला धरणारं रबर) नवे, वर चाकांचं अलाइनमेंट. बिल ९,६४० रुपये. पार्ट ओरिजिनल होते, डबे मी स्वतः बघितले, त्याबद्दल तक्रार नाही. खडखड गेली. तिसऱ्या दिवशी म्हसरूळच्या पुढे एका स्पीड ब्रेकरवर चुईं झालं.

आवाज कसा, ते सांगतो, कारण पुढे सगळं त्याच्यावरच आहे. जुन्या वाड्यातला झोपाळा तेल न घातलेल्या कड्यांवर हलतो, तसा. गाडी खाली बसताना एक चुईं, वर उठताना एक. दहा-वीसच्या स्पीडला स्पष्ट, पन्नासच्या पुढे इंजिनाच्या आवाजात बुडून जायचा. कोरड्या दुपारी जास्त. ब्रेक दाबला न दाबला, काही फरक नाही.

वर्कशॉपमध्ये तीन फेऱ्या झाल्या. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, विचारू नका.

पहिल्या फेरीला सुपरवायझर म्हणाला, "सर, नवीन पार्ट आहेत, सेट व्हायला वेळ लागतो. पाचशे किलोमीटर चालवा." पाचशे माझे चार दिवसांत होतात. झाले. आवाज तसाच.

दुसऱ्या फेरीला त्यांनी गाडी नियमाप्रमाणे आधी वॉशिंगला घेतली. खालून-वरून प्रेशरनं धुतली आणि मग मला शेजारी बसवून टेस्ट ड्राइव्ह. तीन स्पीड ब्रेकर झाले. एकदम गप्प. मीच ओशाळलो. घरी येईपर्यंतही गप्पच. दुसऱ्या दिवशी दुपारी दिंडोरीच्या अलीकडे, चुईं.

तिसऱ्या फेरीला पुन्हा वॉशिंग, पुन्हा गप्प. तरीही या वेळी हातात इस्टिमेट ठेवलं: दोन्ही शॉकअप आणि वरचं माउंटिंग, ११,२०० रुपये. मी म्हटलं, "आवाज तर तुम्हाला ऐकूच आला नाही, मग माउंटिंग गेलंय हे कशावरून?"

"एक्सपिरियन्सवरून, सर."

दातदुखी दवाखान्याच्या पायरीवर थांबते, हे मी ऐकून होतो. माझ्या गाडीचं दुखणं वर्कशॉपच्या गेटात थांबत होतं, आणि तीन फेऱ्यांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की गेटाच्या आत शिरल्यावर पहिलं काय होतं. माझ्याही नाही, हे कबूल केलं पाहिजे.

मधल्या काळात मी स्वतः एक शहाणपणा केला. गंजलेले नट सोडवायचा स्प्रे घरी होता. एका रविवारी पार्किंगमध्ये आडवा होऊन दिसेल त्या रबरावर मारला. दोन दिवस स्वर्गीय शांतता. तिसऱ्या दिवशी आवाज परत आला, आणि आता त्याला धूळ खाल्ल्यासारखी खरखर पण होती.

नानांचा पत्ता दिला तो द्राक्षाचे क्रेट वाहणाऱ्या एका पिकअपवाल्यानं. अंबड लिंक रोडवर, एक्स्लो पॉइंटच्या बाजूला भंगारवाल्यांच्या ओळीत एक पत्र्याची शेड आहे. बोर्ड नाही. दोन गाड्या मावतील एवढी जागा, एक जुना पिट, म्हणजे गाडीखाली उतरायचा खड्डा, त्यावर टाकायच्या फळ्या आणि हाताखाली दोन पोरं. नाना साठीचे असतील. ते फक्त सस्पेन्शन आणि स्टीअरिंगचं काम करतात. एसीचं विचारलं तर हात झटकतात. नाव-नंबर कुठे टाकू नका असं त्यांनी सांगितलंय, आहे तीच गर्दी आवरत नाही म्हणे. म्हणून इतकाच पत्ता.

फोन केला तर समोरून पहिलं वाक्य आलं, "आवाज चालू आहे ना? मग गाडी धुऊन आणू नका. आणि येताना वाटेत बंद पडला आवाज, तर येऊ नका, परत फिरा."

तिथेच मला वर्कशॉपचं वॉशिंग आठवलं. फोन हातात धरून मी थोडा वेळ नुसता उभा राहिलो.

दिवाळीनंतरच्या मंगळवारी सकाळी साडेनऊला पोचलो. नंबर तिसरा. मिसळ खाऊन आलो तरी नंबर तिसराच. साडेअकराला नानांनी बोलावलं आणि पाना न उचलता नुसते प्रश्न सुरू केले. काय काय बदललं? कुठल्या लिफ्टवर? आवाज काम केल्यानंतरचा की आधी खडखडीखाली दबलेला? स्टीअरिंग फिरवताना येतो का? उभ्या गाडीत चढता-उतरताना येतो का? पावसात?

मी म्हटलं, पाऊस आता कुठला, पण दिंडोरी रोडला रस्त्याच्या कामावर पाणी मारणाऱ्या टँकरच्या मागे अडकलो होतो, त्यानंतर तीन-चार किलोमीटर आवाज आला नाही.

नाना हात पुसत होते ते थांबले. "हे आधी सांगायचं भाऊ. पाण्यानं गप्प होतंय म्हणजे कुठंतरी रबर कोरडं घासतंय. शॉकअप-बिकप काही नाही."

तरी त्यांनी एकदम रबरावर उडी मारली नाही, हे मला आवडलं. आधी बंद गाडीचं स्टीअरिंग पोराला या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि स्वतः चाकाच्या कमानीत हात घालून स्प्रिंगवर तळवा ठेवला. मलाही ठेवायला लावला. वरच्या माउंटिंगचं बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग स्टीअरिंगबरोबर पिळत जाते आणि मग एकदम सुटते, टण्ण असा झटका हाताला लागतो. आमची स्प्रिंग मऊ फिरत होती. म्हणजे ज्या माउंटिंगचे मी हजारो रुपये भरणार होतो ते तीस सेकंदांत संशयातून सुटलं.

मग गाडी पिटवर. इथे नुसतं बॉनेट दाबून काही ऐकू येईना. त्यामुळे दोन्ही पोरं दाराच्या पट्टीवर उभी राहून, छताची कड धरून, झोका घ्यायला लागली. चुईं. चुईं. चुईं. भर बाजारात लपवलेली गोष्ट कोणी मोठ्यानं बोलून दाखवावी तसं मला झालं. शेजारचा भंगारवाला बघायला आला.

नाना पिटात उतरले. हातात दीड फुटाचा स्क्रू ड्रायव्हर. त्याची लाकडी मूठ कानाच्या भोकाला टेकवली आणि टोक एकेका सांध्यावर ठेवत गेले. जंपिंग रॉडचा खालचा सांधा, मग वरचा, बॉल जॉइंट, डी बुशाचा क्लॅम्प. प्रत्येक ठिकाणी चार-पाच झोके. चेहऱ्यावर काही नाही. मग मला म्हणाले, "या खाली, ऐका."

मी उतरलो. पिटात डिझेलचा आणि ओल्या मातीचा वास. मूठ कानाला लावली, नानांनी टोक बॉल जॉइंटवर ठेवलं. पोरं हलली तर लांबून कुणीतरी दार उघडल्यासारखा आवाज. नंतर टोक उजव्या आर्मच्या पुढच्या बुशावर सरकवलं. आणि आवाज कानात न येता थेट कवटीच्या आत झाला. मी चक्क डोकं मागे घेतलं. पोरं वर हसली, त्यांनी हे आधी बघितलेलं असणार.

"आता पाणी," नाना म्हणाले. झाकणाला खिळ्यानं भोक पाडलेली पाण्याची बाटली. शंका बुशावर असूनही त्यांनी पहिली धार डी बुशावर मारली. झोके. आवाज आहे. मग जंपिंग रॉडच्या सांध्यावर. आहे. मग उजव्या आर्मच्या त्या बुशावर. दोन झोक्यांत आवाज विरला. पोरं हलत राहिली, उजवी बाजू गप्प. डावीकडे अजून बारीक चिरका आवाज येत होता, पण ते नंतर बघू म्हणाले. सगळ्यात आधी तिथंच पाणी मारलं असतं तर खाली ओघळलेल्या पाण्यानं कुणाला गप्प केलं ते कळलं नसतं, हेही त्यांनीच सांगितलं.

बुश नवा, ओरिजिनल, जेमतेम पाच हजार किलोमीटर चाललेला. मग का बोंबलतोय? याचं उत्तर नानांनी ज्या रीतीनं दाखवलं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो आहे.

त्यांनी भंगाराच्या डब्यातून एक जुना बुश काढला. बाहेर लोखंडी कडी, आत लोखंडी नळी, मध्ये रबर. खडूनं आडवी सरळ रेघ मारली, कडीवरून, रबरावरून, नळीपर्यंत. मग नळी व्हाइसमध्ये आवळली आणि बाहेरच्या कडीला टॉमी (लोखंडी दांडी) लावून जरासं फिरवलं. रेघ रबरावर वाकडी झाली. सोडलं, सरळ झाली. मी इतकी वर्षं समजत होतो की बुश बेअरिंगसारखा फिरतो. फिरत नाही. रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कडीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की नळी फ्रेमला गच्च बसते. त्यानंतर चाक वरखाली होतं ते रबर थोडं इकडे, थोडं तिकडे पिळून.

"आता बघा," म्हणून त्यांनी खांद्यावरचा पंचा घेतला. एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. "गाडी लिफ्टवर आहे, चाकं लटकलेली. आर्म खाली गेलेला. तिथंच बोल्ट आवळला. म्हणजे रबराला वाटतं, ही आपली सरळ उभं राहायची जागा." मग त्यांनी आपलं टोक पाव फेरा फिरवलं. "आता गाडी खाली घेतली. आर्म वर आला. गाडी नुसती उभी आहे, पण रबर पिळलेलंच. त्यात खड्डा आला." अजून पाव फेरा. पंचा मध्ये फुगून आला. ती फुगलेली कड माझ्या गाडीत ब्रॅकेटच्या पत्र्याला घासत होती. टॉर्च मारून दाखवली, पत्र्यावर तेवढी जागा चकचकीत झाली होती, आणि रबरावर नखाएवढी चीर.

काम त्यामानानं किरकोळ. दोन्ही आर्मचे बोल्ट ढिले केले, तसं करताना उजवीकडून टक् असा आवाज आला आणि बुशाची फुगलेली कड डोळ्यांसमोर आत बसली. मग पोरांनी गाडी पुढे-मागे ढकलली, परत चार झोके घेतले, गाडी आपल्या वजनावर आपल्या उंचीला बसू दिली. ती तशीच, चारी चाकं जमिनीवर, वजन चाकांवर असताना नानांनी पिटातून टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोराला खट् वाजणाऱ्या) बोल्ट आवळले. पान्यानं खट् केल्यावर थांबले, वर लोंबकळले नाहीत. दोन खांबांच्या लिफ्टपेक्षा हा जुना खड्डा इथे सोयीचा पडतो, चाकं आपोआप जमिनीवर राहतात. लिफ्टवरही जमतं, आर्मखाली जॅक देऊन गाडीच्या उंचीला आणावा लागतो, तेवढी पाच मिनिटं कुणी काढत नाही.

डावीकडचा बारीक आवाज डी बुशाचा निघाला. क्लॅम्प काढला तर आत माझ्या स्प्रेत कालवलेल्या धुळीची काळी पेस्ट. नानांनी ती बोटावर घेऊन माझ्याकडे बघितलं.

"तेल पाजलं का रबराला?"

हो म्हणावं लागलं. पेट्रोलियमचं तेल-ग्रीस लागलं की असलं रबर फुगतं, मऊ पडतं, मरतं. लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस, तेही डी बुशासारख्या जिथे रबर धातूवर सरकतं तिथंच. आर्मच्या चिकटवलेल्या बुशाला काहीच लावायचं नाही. पुसून, सिलिकॉन लावून क्लॅम्प बसवला. हे सांगताना ते माझ्यावर जरा जास्तच चिडले असं मला वाटलं, पण चूक माझीच होती.

पैसे ८०० रुपये, ग्रीससकट. नवा एकही पार्ट नाही. चिरलेला बुश बदलायचा का विचारलं तर म्हणाले, पाच हजार किलोमीटर झाले की दाखवा, चीर वाढली तर बघू. अलाइनमेंट मात्र परत करून घ्या, बोल्ट ढिले केलेत. ते दुसरीकडे ४५० ला झालं, थोडा फरक निघालाही.

आता कुरबुरी, कारण त्याही आहेत. बसायला जागा नाही, एक उलटा क्रेट आहे. बिल मागितलं तर वहीचं पान मिळतं. यूपीआय चालतं. फोन दहातून दोनदा उचलतात. संध्याकाळी पाचनंतर गाडीला हात लावत नाहीत, उजेडात दिसतं ते दिव्यात दिसत नाही म्हणतात. पोरांनी स्टीअरिंगवर आणि दाराच्या आतल्या बाजूला काळे पंजे उमटवून दिले, ते घासायला मला संध्याकाळ गेली. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, गरवारे पॉइंटपर्यंत पोचतो न पोचतो तर खालून टर्रर्र असा नवाच आवाज. मी कपाळावर हात मारला. परत फिरलो. इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या कव्हरची एक क्लिप लावायची राहिली होती. ती पोराच्या खिशात सापडली. नाना पोराला काही बोलले नाहीत, नुसती क्लिप त्याच्या तळहातावर ठेवून पिटाकडे बोट दाखवलं.

वर्कशॉपला मी जाऊन सांगितलं. भांडायला नाही, पुढच्याला तरी उपयोग व्हावा म्हणून. सुपरवायझरनं शांतपणे ऐकून घेतलं, "आमचं सगळं काम लिफ्टवरच होतं, सर" म्हणाला, आणि झालेल्या त्रासाबद्दल एक कूपन दिलं. पुढचं वॉशिंग फ्री.

नवीन आर्म बसवून घेणार असाल तर मेकॅनिकला शेवटचा बोल्ट आवळण्याआधी विचारा, गाडी जमिनीवर आहे की हवेत. राग येईल त्याला, येऊ दे. आणि आवाज दाखवायला नेताना गाडी धुवू देऊ नका, निदान आवाज ऐकवेपर्यंत तरी.

त्यानंतर गाडी तीन हजार दोनशे किलोमीटर चालली. मोहाडीचे बागायतदार परवा म्हणाले, तुम्ही कधी आलात ते कळत नाही आजकाल, कामगार बिड्या ओढत बसलेले सापडतात तुम्हाला. मधे डिसेंबरात एकदा पहाटे साडेपाचला निफाडच्या रस्त्याला लागलो होतो. तिकडची थंडी माहीत आहे, काचेवर बोट ठेवलं तर दुखत होतं. पहिल्याच ब्रेकरवर चुईं. पोटात गोळा आला. गाडी बाजूला घेऊन नानांना फोन लावला आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी उचलला.

"थंडीनं रबर कडक होतं," झोपेतला आवाज. "दहा मिनिटं चालवा, मग सांगा."

दहा मिनिटं चालवली. आवाज गेला. सांगायला फोन केला, तो काही त्यांनी उचलला नाही.